परसातली बोरी: खानदेशात कलमी बोराचे झाड लावण्याची आणि सांभाळण्याची रीत

मृग लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या रोपवाटिकांमध्ये घरच्या बागेसाठी फळझाड शोधणाऱ्यांची गर्दी होते आणि त्यांत हल्ली नाशपातीचे किंवा सफरचंदाचे रोप मागणारेही भेटतात. हौस समजण्यासारखी आहे. परंतु नाशपातीचे झाड हिवाळ्यात पाने झाडून विश्रांती घेते, आणि त्या विश्रांतीत सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी कित्येक तास साठत गेली तरच पुढे त्याचे डोळे, म्हणजे फांद्यांवरचे मिटलेले अंकुर, नीट फुटतात. पंजाबच्या मैदानी भागात होणाऱ्या पत्थरनाखसारख्या कणखर जातीचे कमी थंडीत भागते, हे खरे. तापीच्या खोऱ्यात मात्र एखाद्या पहाटे पारा ८-९ अंशांवर उतरला तरी त्याच दिवशी दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा नाशपातीला कोवळी फळे पोसायची असतात, तेव्हा आपल्याकडे तापमान ४५ अंशांच्या घरात असते. असे झाड जगलेच तर पाने मिरवत उभे राहते, फळाचे नाव घेत नाही.

बोरीचे गणित याच्या बरोबर उलट आहे. ती झोपते उन्हाळ्यात. मार्च सरता सरता तिची पाने पिवळी पडून गळू लागतात, एप्रिल-मे महिन्यांत ती जवळजवळ बोडकी होते, पहिल्या पावसाबरोबर फुटते, भाद्रपद-आश्विनात फुलते आणि संक्रांतीच्या आगेमागे पिकते. म्हणजे ज्या उन्हाने इतर झाडे होरपळतात ते ऊन तिच्या विश्रांतीचा काळ ठरते, आणि तिला पाणी हवे असते ते आपल्याकडे विहिरींना पाणी असते त्या दिवसांत. सोटमूळ खोल जात असल्यामुळे एकदा जम बसला की कोरड्या वर्षातही ती तग धरते. मुरूम, हलकी बरड, थोडी खारवट जमीन, सगळे चालवून घेते. नवख्या माणसाने पहिले फळझाड म्हणून बोरी लावावी, असे मी सुचवतो ते याचसाठी. फक्त एक अट आहे: दरवर्षी भर उन्हाळ्यात तिच्यावर कात्री चालवण्याची तयारी हवी. ती नसेल तर परसात सावलीपुरता कडुनिंब लावलेला बरा.

जात कोणती घ्यावी

गावठी बोर आणि कलमी बोर यांतला फरक आधी लक्षात घ्यावा. बी रुजवून आलेल्या झाडाची फळे आईसारखीच निपजतील याचा भरवसा नसतो. म्हणून गावठी रोपाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुंध्यावर, चांगल्या जातीचा डोळा भरून केलेले कलमच लावावे. महाराष्ट्रात उमराण, कडाका, छुहारा आणि मेहरूण या जाती बऱ्याच वर्षांपासून लावल्या जातात. उमराणचे फळ मोठे, लांबट-अंडाकृती, पिकताना सोनेरी पिवळे आणि पुढे तांबूस होणारे असते. ते उशिरा, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत मिळते. कडाका त्याच्या आधी येतो. मेहरूण ही तर जळगावच्या मेहरूण भागाचे नावच घेऊन फिरणारी जात. फळ उमराणहून लहान, पण चवीला गोड. घरच्यांसाठी एकच झाड लावायचे असेल आणि खात्रीचे कलम मिळत असेल तर मी मेहरूणला पहिला मान देईन. यात थोडा खानदेशी अभिमान आहे, हे मान्य.

ॲपल बोर म्हणून विकली जाणारी मोठ्या, हिरवट फळांची झाडे लवकर फळतात आणि त्यांना काटेही कमी असतात. लहान मुले असलेल्या घरात ही सोय मोठीच आहे. चवीला ती पाणचट वाटतात, फांद्या फळांच्या ओझ्याने मोडतात आणि पाण्याची गरज जास्त असते. ज्याला आंबटगोड बोर हवे आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

बोरीच्या बऱ्याच जातींना स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही. खेड्यात बांधांवर गावठी बोरी असतातच आणि मधमाश्या, माश्या, गांधीलमाश्या परागाची ने-आण करतात, त्यामुळे तिथे एकटे झाडही फळते. शहरातल्या कॉलनीत, जिथे आसपास दुसरी बोरी दिसत नाही, तिथे दोन वेगवेगळ्या जातींची झाडे लावावीत, किंवा पुढे एकाच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचा डोळा भरून घ्यावा.

जागा आणि खड्डा

जागा दिवसभर उन्हाची हवी. घराच्या भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून किमान ४ मीटर अंतर सोडावे, दोन झाडे असतील तर त्यांच्यात ६ मीटर ठेवावे आणि डोक्यावरून विजेची तार जात नाही ना, हे मान वर करून पाहावे. जाण्यायेण्याच्या वाटेला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला लागून बोरी लावणे ही चूक पुष्कळांकडून होते. बोरीचे काटे जोडीने येतात. एक सरळ असतो आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला. सरळ काटा बोचतो, वाकडा धरून ठेवतो, त्यामुळे दोरीवरचे धोतर असो की साडी, सुटता सुटत नाही.

खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावा. मुरमाड किंवा खडकाळ जागी तो १ मीटर लांब, रुंद आणि खोल घ्यावा. सुपीक भुसभुशीत जमिनीत ६० सेंटिमीटर पुरतो. खणताना वरची चांगली माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. भरताना वरची माती, २० किलो पूर्ण कुजलेले शेणखत, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो निंबोळी पेंड एकत्र कालवून खड्डा भरावा आणि माती जमिनीच्या वर वीतभर राहील असा ढीग करावा, कारण पावसाने ती खाली बसते. अर्धे कच्चे शेण घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी यांना आमंत्रण मिळते.

तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. ही जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून उकलते. बोरी कोरडेपणा सोसते, पण लहानपणी पाय पाण्यात बुडालेले तिला सोसत नाहीत. तेव्हा अशा जागी खड्ड्याच्या तळाशी खडी-मुरमाचा थर द्यावा, भरावाच्या मातीत दोन-तीन घमेली वाळू मिसळावी आणि रोप सपाटीवर न लावता फूटभर उंच वरंब्यावर लावावे.

रोप पारखणे आणि लावणे

जून-जुलैमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लागवड करावी. रोप विकत घेताना सगळे लक्ष खोडाच्या तळाकडे द्यावे. मातीपासून वीतभर उंचीवर डोळा भरल्याची खूण, म्हणजे खोडाला आलेला किंचित बाक आणि सालीतला फरक, स्पष्ट दिसली पाहिजे, आणि रोपाची हिरवी वाढ त्या खुणेच्या वरून आलेली असली पाहिजे. खुणेच्या खालून फुटलेली फांदी गावठी खुंटाची असते. तिची पाने लहान आणि काटे दाट असतात. माझ्या परसातले पहिले झाड अशा बेफिकिरीचे फळ होते. एका रोपवाटिकेतून उमराण म्हणून आणलेले ते रोप मी तीन वर्षे कौतुकाने वाढवले, आणि चौथ्या वर्षी त्याला वाटाण्याएवढी, तोंड वाकडे करायला लावणारी बोरे आली. डोळा केव्हाच मेला होता आणि मी खुंट पोसत होतो. ते झाड पुढे कसे कामी आले, ते खाली सांगतो.

पिशवी फार जुनी नसावी. बोरीचे सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोहोचले की गोल गोल वळू लागते आणि असे गुंडाळलेले मूळ जमिनीत गेल्यावरही खोल जायला कुचराई करते. उंच, दोन वर्षांच्या रोपापेक्षा हातभर उंचीचे ताजे कलम केव्हाही चांगले. पिशवी ब्लेडने उभी चिरून मातीचा गड्डा न फुटता रोप काढावे, कलमाची खूण जमिनीच्या वर राहील अशा बेताने लावावे, माती पायाच्या टाचेने हलके दाबावी आणि पाऊस असला तरी एक बादली पाणी ओतावे, म्हणजे मुळांभोवतीच्या पोकळ्या भरून निघतात. शेजारी बांबूची काठी रोवून रोप सुतळीने सैल बांधावे. शेवटचे काम म्हणजे कुंपण. बोरीचा पाला हा शेळ्यांचा आवडता खाऊ आहे आणि एका शेळीला पाच मिनिटे पुरतात.

परसात गावठी बोरी आधीच असेल तर

खानदेशातल्या पुष्कळ घरांच्या मागे, कुणी न लावलेली एखादी गावठी बोरी उभी असते. ती उपटून तिथे कलम लावणे हा शहाणपणा नव्हे. तिचे मूळ आधीच खोल गेलेले आहे. फक्त वरचे झाड बदलायचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिचे खोड जमिनीपासून साधारण दीड-दोन फुटांवर करवतीने कापावे आणि कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती प्रमाण सोपे आहे: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडे वापरू नये.

महिन्याभरात खोडातून भरपूर फुटवे येतात. त्यांतले वेगवेगळ्या दिशांचे दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे हाताने मोडून टाकावेत. जून-जुलैपर्यंत ते पेन्सिलीएवढे जाड होतात आणि पावसाने झाडात रस खेळू लागल्यामुळे सालही सहज सुटते. डोळे भरायची हीच वेळ. ज्या झाडाची बोरे तुम्ही स्वतः खाल्ली आहेत आणि आवडली आहेत अशा निरोगी झाडाची, याच वर्षी वाढलेली फांदी सकाळी कापून आणावी, पाने देठ ठेवून छाटावीत आणि फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी वापरावी. फुटव्यावर जमिनीकडच्या बाजूस, गुळगुळीत जागी, इंग्रजी टी अक्षरासारखी चीर फक्त सालीपुरती द्यायची. आणलेल्या फांदीवरून सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा, ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा डोळ्यासकट काढायचा. तो चिरेत वरून खाली सरकवायचा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने वर-खाली घट्ट बांधायचे. दोन-तीन आठवड्यांनी डोळ्याजवळच्या देठाला बोट लावावे. देठ सहज गळून पडला आणि डोळा हिरवा दिसला तर काम झाले. देठ सुकून चिकटून राहिला असेल तर डोळा मेला, दुसऱ्या बाजूने पुन्हा भरावा. डोळा धरल्यावर त्याच्या वरचा फुटवा कापून टाकला की सगळा जोर नव्या डोळ्याला मिळतो.

पहिल्या प्रयत्नात सगळे डोळे लागतील ही अपेक्षा ठेवू नये. माझ्या त्या फसव्या उमराणवर मी पहिल्या वर्षी तीन डोळे भरले आणि एकच लागला. पण एवढ्या जुन्या मुळावर तो असा वाढला की त्याच वर्षी कमरेएवढ्या उंचीवरून माझ्या डोक्यापर्यंत पोहोचला.

पहिली दोन वर्षे

या काळात दोनच कामे: पाणी आणि वळण. पहिल्या हिवाळ्यात आठवड्याला एकदा आणि पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १०-१५ लिटर पाणी आळ्यात द्यावे, आणि आळ्यावर पालापाचोळ्याचे किंवा तुरीच्या भुसाचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय वाईट. त्याने मुळे वरच घुटमळतात आणि बोरीचा मुख्य गुण, म्हणजे खोल जाणे, आपणच मारून टाकतो.

वळण द्यायचे म्हणजे एकच सरळ खोड ठेवायचे. जमिनीपासून ७५ सेंटिमीटरपर्यंतच्या सर्व बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढाव्यात, कलमाच्या खुणेखालून येणारा फुटवा तर दिसताक्षणी मोडावा. झाड छातीएवढे झाले की शेंडा खुडावा आणि वर येणाऱ्या फांद्यांतून, एकमेकींपासून वीतभर अंतरावर निघालेल्या व चार दिशांना जाणाऱ्या तीन-चार फांद्या कायमच्या ठेवाव्यात. या फांद्या म्हणजे झाडाचा सांगाडा. पुढची सगळी छाटणी त्यांच्यावरच होणार असते.

छाटणी: ज्यावर सगळे अवलंबून आहे

बोरीला फूल येते ते त्या वर्षीच्या नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत. जुन्या लाकडावर ती फळत नाही. नवी फूट जितकी जोमदार, तितके फळ मोठे. आणि जोमदार फूट हवी तर जुनी वाढ कापली पाहिजे. इतके साधे कारण असूनही बहुतेक परसांतली बोरी न छाटता सोडलेली असते. पहिली दोन-तीन वर्षे ती भरभरून देते, मग बारीक काटक्यांची जाळी दाट होत जाते, आतपर्यंत ऊन पोहोचत नाही, भुरी ही पांढऱ्या पुडीसारखी बुरशी वाढते आणि फळ वर्षागणिक लहान होते. मग घरमालक म्हणतो, जात बिघडली. बिघडलेली असते ती कात्री, पडून पडून.

खानदेशात छाटणीची वेळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतची. पाने बहुतेक गळून झाड झोपले असेल तेव्हाच कापावे. फार लवकर, मार्चमध्ये छाटले तर कोवळी फूट ऐन वैशाखवणव्यात सापडते. पाऊस लागल्यावर छाटले तर फुटलेल्या फांद्या वाया जातात आणि फुलोरा लांबून फळ उन्हाळ्याच्या तोंडावर येते.

सकाळी सात-आठच्या आत काम उरकेल असे बघावे. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, पायात बूट आणि हातात चामड्याचे मोजे असू द्यावेत. आधी वाळलेल्या, रोगट, जमिनीला टेकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. मग गेल्या वर्षीच्या फांद्यांकडे वळावे: जाड, निरोगी फांदी साधारण निम्म्या लांबीवर, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपी कापावी आणि तिच्यावरच्या बारीक उपफांद्या सगळ्या काढून टाकाव्यात. काम संपल्यावर झाड छत्रीच्या उघड्या काड्यांसारखे दिसले पाहिजे, मध्ये आकाश दिसले पाहिजे. करंगळीहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. झाड उघडे पडल्यामुळे खोडाची साल मेच्या उन्हाने तडकू शकते, म्हणून खोडाला चुन्याचा हात द्यावा. दर चार-पाच वर्षांनी एकदा छाटणी अधिक खोल घेऊन झाडाची उंची हाताच्या टप्प्यात आणावी.

शेजारचे लोक हळहळतात, घरातले ज्येष्ठ बोल लावतात, इतके हिरवे झाड बोडके केले म्हणून. त्यांना जूनच्या शेवटी पुन्हा बोलावावे.

कापलेला माल फेकण्यासारखा मुळीच नाही. वाळलेल्या काट्या भाजीच्या वाफ्याभोवती किंवा नव्या रोपांभोवती रचल्या की त्यांतून शेळी काय, डुक्करही सहसा शिरत नाही. खानदेशातल्या शेतांची जुनी कुंपणे अशाच काट्यांची असत.

खत आणि पाणी

पाच वर्षांवरील झाडाला वर्षाला ५० किलो शेणखत, २५० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि ५० ग्रॅम पालाश लागते. पोत्यांच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ५४० ग्रॅम युरिया, दीड किलोहून थोडे अधिक सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८०-८५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा द्यावा आणि दरवर्षी तेवढाच वाढवत न्यावा. शेणखत, स्फुरद, पालाश आणि अर्धा युरिया पाऊस सुरू होताच द्यावा, उरलेला युरिया फळे वाटाण्याएवढी झाल्यावर. खत खोडाशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली, दुपारी सावली पडते त्या कडेने, उथळ चर काढून द्यावे, कारण अन्न शोषणारी बारीक मुळे तिथे असतात.

मोठ्या झाडाला पाणी द्यायचे ते ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, फळ पोसत असताना, जमीन पाहून दर दोन-तीन आठवड्यांनी. या काळात जमीन पार कोरडी पडली तर कोवळी फळे गळतात आणि उरलेली बारीक राहतात. ऐन फुलोऱ्यात मात्र भरमसाट पाणी देऊ नये. एप्रिल-मेमध्ये मोठ्या झाडाला पाणी देऊच नये. दया दाखवून दिलेले पाणी तिची झोप मोडते.

फळाचे शत्रू

ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री गार होऊ लागल्या की लहान फळांवर पिठासारखी पांढरी पूड दिसू लागते. ही भुरी. वेळीच आवरली नाही तर फळे तपकिरी, खरबरीत होऊन गळतात. फळे धरू लागताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात सकाळी किंवा सायंकाळी फवारावे आणि गरजेप्रमाणे १५ दिवसांच्या अंतराने दोनदा पुन्हा घ्यावे. दुपारच्या उन्हात गंधक फवारल्यास पाने करपतात. नीट छाटलेल्या, हवा खेळणाऱ्या झाडावर भुरी कमी येते, हे अनुभवाने सांगतो.

दुसरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि बाहेरून चांगले दिसणारे बोर फोडले की गरात अळी वळवळते. एकदा अळी आत गेली की कोणत्याही औषधाचा उपयोग नाही, म्हणून उपाय माशीचा जीवनक्रम तोडण्याचाच करावा लागतो. अळी पूर्ण वाढल्यावर जमिनीत उतरून कोष करते. तेव्हा गळालेली फळे दररोज वेचून दोन फूट खोल पुरावीत आणि उन्हाळ्यात छाटणीनंतर झाडाखालची जमीन चार-सहा बोटे खोल खणून कोष उन्हाला व पक्ष्यांना उघडे करावेत. फळे वाटाण्याएवढी झाली की ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून १० लिटर पाण्यात, पंधरा दिवसांच्या अंतराने फवारावा. गंमत अशी की परागासाठी उपकारक ठरणारी बांधावरची गावठी बोरी याच माशीचे माहेरघर असते. ती तोडून टाकण्यापेक्षा तिच्याखालची फळेही वेचत जाणे मला बरे वाटते. फुलोऱ्यात कोणतेही कीटकनाशक फवारू नये. झाडावर त्या वेळी ज्या माश्या घोंगावतात त्यांच्यामुळेच फळ धरते.

खोडावर भुशाची आणि विष्ठेची जाळीदार पट्टी चिकटलेली दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची खूण समजावी. पट्टी खरडून खालचे छिद्र शोधावे, त्यात रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा सरकवून तोंड चिखलाने लिंपावे. पोपट आणि खारी यांचा बंदोबस्त मला कधी जमला नाही. वरच्या शेंड्याची बोरे त्यांची, असा करार करून टाकला आहे.

तोडणी आणि त्यानंतर

झाडावरची सगळी बोरे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे आठवड्याच्या अंतराने चार-पाच तोडे घ्यावे लागतात. हिरवा रंग जाऊन फळावर पिवळी झाक आली आणि दाताखाली करकरीतपणा असतानाच तोडावे. हिरवे तोडलेले बोर घरात ठेवून गोड होत नाही आणि झाडावर फार राहिलेले पिठूळ होते. काठीने झोडपून बोरे पाडण्याची गावाकडची पद्धत गावठी बोरीला चालते. कलमी झाडाच्या फळांना त्याने मार लागतो आणि पुढे फळ देणाऱ्या सांगाड्याची सालही सोलवटते, तेव्हा शिडी घेऊन हाताने तोडावे. तोडलेली बोरे सावलीत चार-पाच दिवस चांगली राहतात. झाड बाळाच्या पहिल्या संक्रांतीला उपयोगी पडावे अशी इच्छा असेल तर कडाकासारखी आधी येणारी जात घ्यावी, कारण बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत उरकायचे असते आणि उमराणचा भर बहुधा त्याच सुमारास कुठे सुरू होतो. पूर्ण पिकून तांबूस झालेली बोरे कडक उन्हात सुरकुतेपर्यंत वाळवून, आठळ्या काढून, मीठ-तिखट घालून कुटली की वर्षभराचे बोरकूट होते.

शेवटचा तोडा झाला की झाडाखालची गळालेली, किडलेली सगळी फळे गोळा करून पुरावीत, आळे मोडून टाकावे आणि पाणी पूर्ण तोडावे. पंधरा-वीस दिवसांत खालच्या फांद्यांची पाने पिवळी पडू लागतील. तोवर कात्रीला धार लावून आणावी.